एक पाठ, अनेक पाट्या

(भिवंडी तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलण्यास सांगितले आहे तो विषय वरकरणी यंत्राचा आहे. परंतु मी यंत्रज्ञ नव्हे. आपल्यासारखाच मी एक प्राथमिक शिक्षक आहे आणि जे सांगणार आहे ते बहुतेक चुका करून शिकलो आहे. म्हणून आरंभ एका चुकीपासूनच करतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते १ डिसेंबर २०२१ पासून. मधल्या काळात आपण सर्वांनीच मोबाइलवरून पाठ पाठविले. मीही रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गणिताची चार उदाहरणे पाठवीत असे. एके दिवशी तिसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज दिली. वर ३४५, खाली २७. सत्ताविसातील दोन हा अंक चाराच्या खाली यावा म्हणून दुसऱ्या ओळीच्या आरंभी थोडी मोकळी जागा सोडली होती. माझ्या पडद्यावर मांडणी सुबक दिसत होती. संध्याकाळी उत्तरे आली, त्यांत एका मुलीचे उत्तर होते ६१५. मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी त्याच जातीची चूक, तिसऱ्या दिवशीही तीच. मी नोंदवहीत तिच्या नावापुढे शेरा लिहिला, 'स्थानिक किंमत समजलेली नाही.'

काही आठवड्यांनी मी तिच्या पाड्यावर गेलो असता तिच्या वडिलांचा फोन सहज हाती घेतला. बटनांचा लहान फोन होता तो. ओळीच्या आरंभी मी सोडलेली जागा त्याने गाळून टाकली होती आणि २७ हा आकडा डावीकडे सरकून ३४ च्या बरोबर खाली बसला होता. म्हणजे दोन शतकाच्या घरात आणि सात दशकाच्या घरात. मुलीने जे दिसले त्याची बेरीज केली होती. तीनशे पंचेचाळीस आणि दोनशे सत्तर मिळून सहाशे पंधराच होतात. तिला स्थानिक किंमत उत्तम समजली होती. नोंदवहीतील शेरा मी खोडला. परंतु तोवर तिने गणिताची उत्तरे पाठविणे बंद केले होते, आणि 'मला गणित येत नाही' असे ती आईला सांगू लागली होती. तिला पुन्हा गणिताकडे वळविण्यास मला त्यानंतरचे जवळजवळ सबंध वर्ष लागले.

आता आपण म्हणाल की शाळा केव्हाच सुरू झाल्या, ही जुनी गोष्ट आज कशाला? कारण मोबाइलवरून पाठ पाठविणे थांबलेले नाही. गृहपाठ पालकांच्या गटावर जातो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' या शासकीय व्यवस्थेतील साहित्य त्या कोडांवरून उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी असे कोड पुस्तकाला जोडण्याचा प्रयोग केला, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला हे आपणांस ठाऊकच आहे. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने संगणक व मोठा पडदा वर्गात आणून राज्यभरच्या शिक्षकांना वाट दाखविली. परंतु तेथे एक सोय होती. पडदा एक होता आणि सारा वर्ग त्याच्यासमोर बसलेला होता. पाठ घरोघर जाऊ लागला तेव्हा पडदे तीस झाले, आणि तीसही निरनिराळे.

आपल्या तालुक्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. एखाद्या मुलाचे वडील काल्हेर-राहनाळकडील गोदामात कामाला जातात. फोन त्यांच्याबरोबर सकाळी जातो आणि रात्री परत येतो. कोणाचे घर यंत्रमागावर चालते. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते ते पावसाळ्याच्या तोंडी परतते, आणि त्याच्याबरोबर मूलही जाते. कोणाकडे तडा गेलेल्या काचेचा जुना फोन, कोणाकडे थोरल्या भावाने घेतलेला नवा रुंद फोन, कोणाकडे बटनांचा. पूर्वी प्रत्येक मुलाच्या हाती पाटी असे आणि साऱ्या पाट्या जवळजवळ सारख्या असत. आजच्या या पाट्या एकमेकींशी जुळत नाहीत, ही अडचण आपण पाठ लिहिताना विसरतो, कारण आपल्यासमोर आपलीच पाटी असते.

थोडे गणित करू. आपण संगणकावर पाठ तयार करतो तो ए-फोर आकाराच्या कागदावर; त्याची रुंदी २१० मिलिमीटर. बोटाने चालणाऱ्या साधारण मोबाइलच्या पडद्याची रुंदी पासष्ट ते सत्तर मिलिमीटर असते. म्हणजे सबंध पान त्यावर मावविले की ते एक-तृतीयांश होते आणि आपण १२ पॉइंटमध्ये लिहिलेले अक्षर ४ पॉइंटचे उरते. बटनांच्या ज्या फोनांवर इंटरनेट चालते त्यांतील पुष्कळांचा पडदा कर्णरेषेवर २.४ इंच, म्हणजे रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर. तेथे तेच अक्षर २ पॉइंटचे होते, आणि बोटांनी ताणून ते मोठे करण्याची सोयही त्या फोनावर नसते. पहिलीच्या पुस्तकात आपण किती ठळक अक्षर देतो याचा विचार करा. एवढ्या बारीक अक्षरात एक मात्रा आणि दोन मात्रा यांतला भेद राहत नाही. 'बैल' आणि 'बेल' सारखेच दिसतात. मोठ्या माणसाला संदर्भाने कळते, वाचावयास शिकणाऱ्या मुलाला कळत नाही.

भिवंडीकरांना पन्हा म्हणजे काय हे मी सांगावयास नको. शिवलेला सदरा एकाच अंगाला बसतो. दुसऱ्याच्या अंगात घातला तर तो दाटतो किंवा लोंबतो. लुगड्याचे तसे नाही. नेसणारी बारीक असेल तर चार निऱ्या अधिक पडतात, स्थूल असेल तर कमी, वस्त्र तेच. पीडीएफ नावाची जी धारिका आपण पाठवितो ती शिवलेल्या सदऱ्यासारखी आहे. कागदावर छापण्यासाठी ती उत्तम, कारण तिच्यातील प्रत्येक ओळ कोठे मोडावी हे कायमचे ठरलेले असते. साधा टंकलिखित मजकूर लुगड्यासारखा असतो. पडदा जेवढा रुंद तेवढ्यावर त्याची ओळ मोडते आणि अक्षर वाचण्याजोगे राहते.

जगात इतरांनाही हीच अडचण आली. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ पासून वेबपाने जगापुढे येऊ लागली. ती आरंभीची पाने निव्वळ मजकुराची होती आणि कोणत्याही रुंदीच्या चौकटीत सामावत. पुढे छापील पानाच्या सवयीचे लोक त्या कामात आले व त्यांनी पानांना ठराविक रुंदी दिली. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा ती रुंद पाने तळहाताएवढ्या काचेवर आकुंचन पावून दिसू लागली. काही संस्थांनी मोबाइलसाठी वेगळी पाने केली. त्यांतून निराळाच घोटाळा झाला, कारण एका प्रतीत दुरुस्ती व्हावी आणि दुसरीत जुनेच राहावे. (दोन नोंदवह्या ठेवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.) २५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने एक लेख लिहून निराळी रीत सुचविली. पान एकच ठेवावे. स्तंभांची रुंदी ठराविक मापात न सांगता शेकडा प्रमाणात सांगावी, चित्रे स्तंभाबरोबर लहानमोठी व्हावीत, आणि पडद्याची रुंदी पाहून पानाने आपली मांडणी बदलावी. रुंद पडद्यावर जे दोन स्तंभ शेजारी असतात ते अरुंद पडद्यावर एकाखाली एक यावेत. आज बहुतेक चांगली वेबपाने याच रीतीने बांधलेली असतात.

आपणांस वेबपाने बांधावयाची नाहीत. रीत मात्र आपल्या उपयोगाची आहे. पाठ एकाच स्तंभात लिहावा. डाव्या बाजूस उतारा आणि उजव्या बाजूस प्रश्न ही छापील पुस्तकातील शोभा फोनवर टिकत नाही. मी स्वतः अनेक दिवस 'उजवीकडील चित्र पाहा' असे लिहीत असे. फोनवर चित्र मजकुराच्या खाली गेलेले असे, आणि मुले उजवीकडे भिंतीकडे पाहत असतील तर नवल नाही! 'माशाचे चित्र पाहा' असे म्हटले म्हणजे ते कोठेही असो, मूल शोधून काढते. तक्ता पाठविण्याचा मोहही आवरावा. चार घरांचा तक्ता अरुंद पडद्यावर अर्धा बाहेर जातो. तीच माहिती चार लहान वाक्यांत लिहिली तर बिघडत नाही.

लिपीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण येथे आपली पिढी फार ठेचाळली. आपल्यापैकी पुष्कळांनी मराठी टंकलेखन ज्या जुन्या फॉण्टांवर शिकले, त्यांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठविलेली असतात. वर देवनागरीचा केवळ मुखवटा असतो. तो फॉण्ट फोनमध्ये नसला की मुखवटा गळून पडतो आणि 'झाड' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तो आहे, आणि त्याचा पाया आपल्याच देशात ठरविलेल्या इस्की या संकेतमालेवर आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले 'झाड' आजच्या सर्व फोनांवर झाडच राहते. आपल्या तालुक्यात उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. तेथील सहकारी सुंदर वळणासाठी पाठ इनपेजमध्ये लिहून त्याचे चित्र पाठवितात. वळणाचा त्यांचा आग्रह मला समजतो, पण उतारा लांब असेल तेव्हा उर्दूही युनिकोडमध्येच पाठवावी असे माझे मत आहे. उजवीकडून डावीकडे ओळ मोडण्याचे काम फोन स्वतः करतो.

मजकुराचे चित्र करून पाठविण्याची सवय मराठी शाळांतही कमी नाही. भोवती फुलांची वेलबुट्टी, मध्ये सुविचार, खाली शिक्षकाचे नाव. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट जागा घेते. दोनशे शब्दांचा पाठ चार किलोबाइटांच्या आसपास होतो. त्याच पाठाचे फोनने काढलेले छायाचित्र दोन-तीन मेगाबाइटांचे असते. व्हॉट्सअ‍ॅप ते लहान करते, तरी मजकुराच्या अनेक पट राहते, आणि लहान करताना अक्षरांच्या कडा पुसट होतात. ज्या पाड्यावर टेकडीवर गेल्याशिवाय फोनला रेंज मिळत नाही तेथे हा फरक पाठ पोहोचणे आणि न पोहोचणे एवढा असतो. आणखी एक गोष्ट आहे. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय आता पुष्कळ अँड्रॉइड फोनांत असते. न शिकलेली आई किंवा दृष्टिहीन मूल तिचा उपयोग करू शकते. परंतु चित्रात अडकलेला मजकूर त्या साध्या वाचकाला उच्चारता येत नाही. (आपल्याकडे येणारी परिपत्रकेही कित्येकदा तिरप्या छायाचित्राच्या रूपाने येतात. तो विषय मी वाढवीत नाही.)

मात्र साधा मजकूर हाच सर्व रोगांवर उपाय असे मी म्हणत नाही. आरंभी सांगितलेली बेरीज आठवा. उभी मांडणी, भागाकार, अक्षराचे वळण, नकाशा ही चित्रेच आहेत. त्यांना मजकुराच्या साच्यात बसविणे हीच माझी चूक होती. फोनवरील अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि मोकळी जागा अंकाएवढी रुंद नसते. तेव्हा जागा सोडून अंकाखाली अंक आणण्याचा भरवसा धरू नये. आता मी वहीच्या चौकटीच्या पानावर ठळक अक्षरात एकच बेरीज लिहितो, तेवढाच भाग कापून चित्र पाठवितो आणि खाली शब्दांत लिहितो, 'तीनशे पंचेचाळीस अधिक सत्तावीस.' चित्र उघडले नाही तरी उदाहरण पोहोचते.

पाठविण्यापूर्वी मी आणखी एक करतो. शाळेच्या कपाटात बटनांचा एक जुना फोन ठेवला आहे. पाठ प्रथम त्याच्यावर पाठवून पाहतो. शिक्षकाच्या फोनवर पाठ नेहमीच चांगला दिसतो, म्हणून त्यावर पाहण्यात काही अर्थ नाही. पाठ पाठविण्याची वेळही मी बदलून रात्री आठची केली आहे, कारण गोदामातून फोन तेव्हा घरी येतो. आणि उत्तर चुकले तर फुलीपूर्वी एक प्रश्न विचारतो, 'तुला काय दिसले ते वहीत जसेच्या तसे काढून दाखव.' ही सवय मला त्या मुलीने लावली.

माझे बोलणे येथे पुरे करतो. अध्यक्ष महाशयांची अनुमती असेल तर चहानंतर एक लहानसे काम करू. मी आपल्या गटावर चौथीच्या परिसर अभ्यासाचा एक पाठ दोन प्रकारे पाठविला आहे, एकदा पीडीएफ करून आणि एकदा साध्या मजकुरात. आपला फोन शेजाऱ्याला द्यावा, शेजाऱ्याचा आपण घ्यावा आणि दोन्ही पाठ शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. बटनांचा फोन ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया पुढे येऊन बसावे.