नावासकट आवाज

2002 साली चॅनेल व्ही या वाहिनीने देशभरातून गाणाऱ्या मुली निवडून ‘व्हिवा’ नावाचा पॉप गट उभा केला. अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, महुआ कामत, प्रतिची मोहपात्रा आणि सीमा रामचंदानी अशा पाच जणी. त्यांचे दोन अल्बम निघाले आणि काही वर्षांत गट विखुरला. गाणी मात्र आजही ऐकता येतात आणि गाणाऱ्या कोण होत्या, हेही सांगता येतं. ध्वनिमुद्रणाचं मोल मला इथे दिसतं. आवाज राहतो, सोबत नावही राहतं.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या बायकाही मिळून गात आल्या आहेत. भोकरदन, जाफराबादपासून परतूर, मंठ्यापर्यंत पहाटे जातं फिरू लागलं की ओवी यायचीच. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओळ धरायची, दुसरीने उचलायची. दळता दळता दम जिथे लागेल, तिथे ओळ मोडायची. मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडले की घरघर जड व्हायची आणि गळाही तसाच खाली यायचा. माहेर, भाऊराया, पंढरीची वाट, सासरचा जाच, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं ते सगळं ओवीत यायचं.

गावोगावी गिरणी आली, हातांचे घट्टे गेले, हे चांगलंच झालं. पण बाईला मन मोकळं करायची ती हक्काची वेळही गेली.

या ओव्यांचं मोल पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात 1996 साली राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार यांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे. एरवी आपण ‘लोकगीत’ म्हणतो आणि गाणारीला विसरतो. तिथे तसं झालेलं नाही.

हे काम आता आपल्या घरातही करता येईल. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. आजीला एकटीला बसवून ‘म्हण’ म्हटलं तर ओवी सहसा आठवत नाही. तिच्या जोडीची जाऊ, नणंद, शेजारीण बोलवा. घरात जातं असेल तर मांडा, दोन मुठी ज्वारी घ्या. हात फिरू लागला की शब्द आपोआप येतात. पंखा, टीव्ही बंद करा. मोबाइल जात्याला टेकवू नका, घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, म्हणजे घरघर आवाजावर चढणार नाही. आधी तिची परवानगी घ्या. मग तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते वदवून घ्या. मध्येच अडली तर घाई करू नका, जोडीदारीण सावरून घेते. ध्वनिमुद्रण झाल्यावर एक प्रत दुसरीकडेही जपून ठेवा.

लग्नसराईत हळदीला जातं निघतंच. खुंट्याला हळकुंड बांधतात, पाच सुवासिनी हात लावतात. त्या दिवशी फोटो भरपूर निघतात. थोडा वेळ आवाजासाठीही काढा. या बायकांनी आयुष्यभर दळलं ते घरादारासाठी, पण ओवी त्यांची स्वतःची होती. ती त्यांच्याच नावावर जमा झाली पाहिजे, आणि तेही त्या ऐकू शकतील तोवर.