मिस्त्री येईपर्यंत

वाचण्याच्या चष्म्याला मराठी भाषेने 'चाळिशी' असे नाव ठेवले आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली, की डोळ्यातील भिंगाचा लवचिकपणा उणावतो आणि जवळचे अक्षर पुसट दिसू लागते. कारण शारीरिक खरे. पण माणसाचे वयच उचलून चष्म्याला चिकटवण्यात भाषेने थोडी थट्टाही साधली आहे. पूर्वी या चाळिशीची पहिली निकड भासे ती वर्तमानपत्र वाचताना किंवा सुईत दोरा ओवताना. आज पुण्या-मुंबईच्या घरांत ती भासते वॉशिंग मशीनच्या मागे गुडघे टेकून बसल्यावर. कंपनीच्या दूरध्वनीवरील मुलगी मोठ्या नम्रतेने यंत्राचा क्रमांक विचारीत असते. तो क्रमांक भिंतीकडच्या बाजूस, करड्या पट्टीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. गृहस्थ तो मोठ्याने वाचतात, गृहिणी मागून 'अहो, आठ नाही, तीन' म्हणून दुरुस्ती सुचवितात, आणि तिसऱ्या प्रयत्नाला दूरध्वनी तुटतो. त्यानंतर शब्दाने जो शब्द वाढत जातो, त्याचा वॉशिंग मशीनशी संबंध फार थोडा असतो.

आज पन्नाशीत असलेली पिढी 1975 च्या आसपास जन्मली. तिच्या बालपणी स्वयंपाकघरात रॉकेलचा स्टोव्ह होता. तो पेटेना झाला तर बर्नरच्या भोकात पिन घालावी. पंप हवा धरीना तर आतील चामड्याच्या वायसरला तेलाचे बोट लावावे. एवढी विद्या घरातील दहा वर्षांच्या मुलालाही अवगत असे. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला येई. वाड्याच्या चौकात तो लहानसा खड्डा खणून भाता लावी, तापलेल्या पातेल्यात नवसागराची भुकटी टाकी, कथलाची काडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ती चांदी सर्वत्र फिरवी. धुराचा तो वास आणि पातेले पाण्यात बुडविल्यावर उठणारा चर्र आवाज ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस तो सांगून कळवावा लागत नाही. महत्त्वाची गोष्ट ही, की ते सारे काम पाचपंचवीस डोळ्यांसमक्ष होई. कल्हई नीट बसली की नाही, याचा निवाडा करण्यास कोणाच्या साक्षीची गरज नसे.

आता यंत्राचे पोट बंद झाले आहे. पितळी नळ गळू लागला, तर पूर्वी आतला रबरी वायसर बदलून भागे; आजच्या एका दांडीच्या नळात दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज असते. ते दुरुस्त होत नाही, संपूर्ण बदलावे लागते, आणि एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीच्या नळात सहसा बसत नाही. वॉशिंग मशीनची गोष्ट याहूनही बिकट आहे. तिचा मेंदू म्हणजे जी इलेक्ट्रॉनिक पाटी, ती ओल लागू नये म्हणून पुष्कळदा राळेसारख्या द्रव्यात बुडवून घट्ट करून टाकलेली असते. ओलीपासून तिचे रक्षण होते आणि कारागिराच्या हातापासूनही होते. तंत्रज्ञ येतो, दोन बटणे दाबतो, आणि 'कार्ड गेलंय' असे म्हणतो. ते खरेच गेले आहे काय, हे पाहण्याची सोय गृहस्थांना नाही, गृहिणींना नाही, आणि काही वेळा त्या तंत्रज्ञालाही नसते.

बिघाड असा डोळ्यांना दिसेनासा झाला, की तो कोणीतरी सांगावा लागतो. आणि सांगितलेली गोष्ट घरात दोन प्रकारे ऐकली जाते. जी व्यक्ती तेथे हजर होती तिला ती पटलेली असते, किंवा निदान पटवून घ्यावी लागलेली असते. जी व्यक्ती संध्याकाळी कामावरून परत येते, तिला तीत हटकून शंका येते. 'त्याने उघडून तरी पाहिले का?' 'जुना भाग परत मागितलास का?' 'पावती?' हे प्रश्न वाजवीच असतात. पण ते ज्याला विचारावयाचे तो केव्हाच निघून गेलेला असतो, आणि उत्तर देण्याची पाळी जिने त्याच्यासाठी दिवस मोडला तिच्यावर येते.

या दिवस मोडण्याविषयी थोडे सविस्तर बोलावयास हवे. 'सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात माणूस येईल' असा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. या चार तासांत घरातील व्यक्तीने स्नानाला जाऊ नये, कारण नेमकी तेव्हाच घंटा वाजेल. भाजीला जाऊ नये. जरा पाठ टेकू नये. पावणेदोनला 'निघालोय, अर्ध्या तासात पोहोचतो' असे कळते. साडेतीनला माणूस येतो. आल्याबरोबर तो यंत्राकडे पाहून पहिले वाक्य उच्चारतो ते बहुधा ठरलेले: 'हे कोणी बसवलं?' अगोदरच्या कारागिराच्या कामाविषयी चांगला शब्द काढणारा कारागीर आढळला, तर त्याचा पत्ता जपून ठेवावा.

काम पुरे होण्याच्या आधीच तो ओटीपी मागतो. तो आकडा दिला, की कंपनीच्या दप्तरी तक्रार मिटली. यंत्र चालू झाले अथवा न झाले, याची त्या दप्तरास वार्ताही नसते.

ही वाट पाहण्याची कामगिरी कोणाकडे जाते? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर एक पाहणी केली. लोकांचा दिवस कसा जातो, हा तिचा विषय होता. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो, आणि जे पुरुष असे काम करतात त्यांचा 97 मिनिटे, असे तीत दिसून आले. 2024 साली हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हे आकडे 289 आणि 88 असे होते. मिस्त्रीची वाट पाहणे हे तर कामासारखे दिसतही नाही. हातात गवारीच्या शेंगा असतील तर ती स्त्री भाजी निवडीत होती असे कोणीही म्हणेल. हात रिकामे असतील तर ती नुसती बसली होती असे म्हटले जाईल. जेथे दोघेही नोकरी करतात, तेथे ही गोष्ट अधिक उघडी पडते. अर्धी रजा कोणी टाकावयाची? या प्रश्नावर घरात चर्चा होतेच असे नाही. पुष्कळ घरांत ती कधीच होत नाही, आणि वर्षाअखेर एकीच्या रजा संपलेल्या असतात व दुसऱ्याच्या शिल्लक राहतात. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात अशा न विचारलेल्या प्रश्नांचा साठा मोठा असतो. तो गळक्या नळाच्या निमित्ताने बाहेर पडतो, आणि गृहस्थांना खरोखरीच नवल वाटते, की एवढ्याशा नळावरून इतके रागावण्याजोगे काय घडले!

ज्या घरांना विंधणविहिरीचे किंवा टँकरचे पाणी येते, त्या घरांतील गिझरचे उदाहरण येथे लागू पडते. असले पाणी बहुधा जड असते. ते तापले म्हणजे त्यातील चुना तापणाऱ्या कॉइलवर बसू लागतो. 2 किलोवॉटच्या गिझरला 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 35 मिनिटे लागतात, आणि कॉइलवर पुटे चढली तरी या वेळात फारसा फरक पडत नाही. म्हणून घरात कोणाला काही कळत नाही. मात्र त्या पुटांच्या आत कॉइल स्वतः अधिकाधिक तापत राहते, आणि एका सकाळी जळून जाते. वर्षा-दोन वर्षांनी टाकी उघडून चुना काढवून घेतला, तर हा खर्च पुष्कळ पुढे ढकलता येतो. पण चालत्या यंत्राला हात लावण्यासाठी मिस्त्री बोलाविणे, आणि त्याची वाट पाहण्यासाठी पुन्हा कोणाचा तरी दिवस मोडणे, हे कोणाच्याच मनात येत नाही.

मिस्त्रीचीही बाजू आहे, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. तो 'येतो' म्हणतो तेव्हा दर वेळी खोटेच बोलत नाही. दिवसाला पाचसहा घरे घेतल्यावाचून त्याचे भागत नाही. पहिल्याच घरी भिंतीतला पाइप फुटलेला निघाला, तर पुढच्या पाचही घरांचे वेळापत्रक कोसळते. 'आज जमणार नाही' असे स्पष्ट सांगावे, तर ते घर दुसऱ्याला बोलाविते. तेव्हा 'येतो' हा शब्द त्याच्या पोटासाठी आवश्यक होऊन बसला आहे. ॲपवरून काम घेणाऱ्याची अवस्था तर अशी, की त्याला ताऱ्यांची भीक मागावी लागते. पाच तारे मिळाले नाहीत तर उद्याची कामे घटतात. आपल्या गावगाड्यातील सुतार-लोहार वेळेवर येत असत असा एक गोड समज रूढ आहे. ते तरी नांगराचा फाळ वेळेवर देत होते, याला पुरावा काय? फरक एवढाच, की बलुतेदार गाव सोडून सहसा जाऊ शकत नसे आणि शेतकरी त्याला सोडू शकत नसे. ती बांधणी जातीची होती. तिच्यात कारागिराचे सुख किती होते, याचा विचार केल्यावर तिच्यासाठी उसासे टाकण्याचे कारण उरत नाही.

कायद्याने काही सोयी केल्या आहेत, त्या माहीत असाव्यात. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्यान्वये ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्याआधीची पायरी म्हणून 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळही उघडले. कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती एके ठिकाणी द्यावी, असा त्यामागील उद्देश. कंपनीविरुद्ध या साधनांचा उपयोग होतो. परंतु गुरुवारची दुपार कोणाची गेली, या तक्रारीस कोणत्याही आयोगापुढे दाद नाही.

मध्यमवयाची आणखी एक अडचण अशी, की या माणसाला वरून आणि खालून दोन्हीकडून प्रश्न येतात. ऐंशी वर्षांचे वडील रात्री दूरध्वनी करून विचारतात, की दूरदर्शन संच निळा पडला आहे, आता काय करू? चिरंजीव 'बाबा, लाल बटण दाबा, लाल' असे तीनदा सांगतात आणि चौथ्यांदा त्यांचा आवाज चढतो. तासाभराने तेच चिरंजीव आपल्या कन्येपाशी भ्रमणध्वनी घेऊन जातात, तेव्हा कन्या तो त्यांच्या हातातून घेते, दोन बोटे फिरविते, आणि 'झालं, बाबा' म्हणून परत देते. काय केले ते ती दाखवीत नाही. आवाज मात्र तिचाही किंचित चढलेला असतो. ही चढलेल्या आवाजाची परंपरा पुढे चालविण्यास अजून कोणत्याही यंत्राची आवश्यकता पडलेली नाही.

अखेरीस सेवानिवृत्ती येते. राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांना ती 58 व्या वर्षी येते. इतकी वर्षे सकाळी साडेनवाला घराबाहेर पडणारे गृहस्थ प्रथमच अकरा वाजता घरी असतात. पत्नीची नोकरी अजून दोन-तीन वर्षे शिल्लक असते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा गाळणा बदलावयास माणूस येणार, हे त्या जाताना सांगून जातात. गृहस्थ दहाला तयार होऊन बसतात. अकराला उठून गॅलरीतून डोकावतात. बाराला दूरध्वनी करतात. तो उचलला जात नाही. एकाला भूक लागते, पण पान वाढून घ्यावे तोच घंटा वाजेल असे वाटून ते थांबतात. अडीच वाजता घंटा वाजते. दारात पाठीवर पिशवी टाकलेला एक तरुण उभा असतो. तो गृहस्थांकडे पाहतो, त्यांच्या खांद्यावरून आत पाहतो, आणि विचारतो, 'मॅडम नाहीत का?'