दुसरे मंडळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



स्मरणिकेत हे भाषण छापताना वक्त्याचे नाव देऊ नये, अशी विनंती आम्ही संपादकांस केली आहे. आपणांपैकी बहुतेक जण आम्हांस ओळखतात, तेव्हा संकोच हे त्याचे कारण नव्हे. ज्या संघटनेमुळे आम्ही आज येथे उभे आहोत, तिच्या सभासदाने छापील मजकुरात आपली ओळख प्रकट करू नये, असा तिचा संकेतच आहे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ पाहताना प्रेक्षक हसतात. आम्हीही पुष्कळ हसलो आहोत. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो आणि ती मोडतो, तेथे मात्र हसू मावळते. ती शपथ खोटी नसते. आम्ही घेतलेल्या शपथांपैकी एकही मोडण्यासाठी घेतलेली नव्हती. परंतु एकट्याने घेतलेली शपथ एकट्यानेच सांभाळावी लागते, आणि तेथेच ती दुबळी पडते. पिण्यासाठी जसे मंडळ लागते, तसे सोडण्यासाठीही लागते.

असे दुसरे मंडळ १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी जन्मास आले. शेअरबाजारात वावरलेले बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दोघे मद्यासक्त गृहस्थ एकमेकांशी बोलत बसले. दुसऱ्या पीडिताला हात देताना आपलाही तोल सावरतो, हा त्यांचा अनुभव म्हणजेच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. येथे प्रवेशशुल्क नाही, जातधर्माची विचारणा नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. या मार्गाकडे नेणारे उपचार पूर्ण मद्यमुक्ती टिकविण्यात इतर मान्य मानसोपचारांहून सरस ठरल्याचे कॉक्रेन संस्थेच्या २०२० सालच्या समीक्षेत आढळले. अशा मार्गाची गरज किती आहे, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून कळते. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि ज्यांना त्याचे व्यसन जडले आहे अशा अडतीस जणांपैकी जेमतेम एकास कसलातरी उपचार मिळतो.

उरलेले सदतीस काय करीत असतील, हे आम्ही सांगू शकतो. ते लपत असतात. या चेन्नई शहरात सभेचा पत्ता खिशात ठेवून आम्ही लागोपाठ तीन आठवडे एका शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. मंडळातील कोणी पाहिले तर? चौथ्या खेपेस पत्नी बरोबर आली आणि फाटकाशी उभी राहिली, म्हणून आत गेलो. सभा तामिळ भाषेत होती. निम्मेही कळले नाही. परंतु एक गृहस्थ सकाळी चहाचा कप धरताना हात कसा थरथरे, हे अभिनयाने दाखवीत होते. ते समजण्यास भाषेची गरज पडली नाही. त्या संध्याकाळीस आज अकरा वर्षे झाली.

गट शोधण्याविषयी आता अनुभवाचे चार शब्द. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारावे. गटांचे पत्ते तेथे मिळतात. केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे. सभा ‘खुली’ की ‘बंद’ हे आधी विचारावे. खुल्या सभेस नातेवाईकही बसू शकतात. सभेची भाषा विचारावी. २०२० च्या साथीपासून दूरध्वनीवर आणि संगणकावरही सभा भरू लागल्या आहेत, तेव्हा मराठी सभेची चौकशी अवश्य करावी. एक गट रुचला नाही, तर दुसरा पाहावा. घरच्यांसाठी १९५१ साली सुरू झालेली ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटना आहे. पिणारा येवो वा न येवो, त्यांनी जरूर जावे.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टर, मग गट. आपल्या शहरात टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान १९८० पासून हे उपचार करीत आहे. आपल्या पतीस या आजाराने हिरावून नेल्यावर श्रीमती शांती रंगनाथन यांनी ते उभारले. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. प्रतिष्ठित घराण्यांत हे दुखणे नसते, असे मानणाऱ्यांनी पहिल्या संस्थेची जन्मकथा ध्यानी ठेवावी.

बंधुभगिनींनो, आमच्या वाईट दिवसांत आपण आम्हांस कधी अपमानित केले नाही. नाटकाच्या पात्रयादीतून आमचे नाव मुकाट्याने गळले, इतकेच. त्यात सौजन्य होते हे आम्ही जाणतो. परंतु त्या मौनात आमची तीन वर्षे गेली. एखाद्याने बाजूस घेऊन पत्ता हाती दिला असता, तर आम्ही कदाचित रागावलो असतो. पण पत्ता खिशात राहिला असता.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त एकच मागणे आहे. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी मंडळाच्या फलकावर जवळच्या गटाचा पत्ता आणि वार कायमचा लावावा. वाचणारा उघडपणे वाचणार नाही. दिवे मालवण्याच्या वेळी तो मागे रेंगाळेल. त्या वेळी फलकावरचा दिवा तेवढा चालू ठेवावा, ही विनंती.