अपेक्षित उत्तराच्या बाहेर



वसंत व्याख्यानमालेत अनुभवी माणसांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचा अनुभव म्हणाल तर सरावपाठांचा, आणि तोही एकाच हिवाळ्याचा. आम्ही अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी. शिक्षक व्हायचे आहोत, झालेलो नाही. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा ‘वर्गातील नवनिर्मिती आणि स्वीकार’ असे भारदस्त नाव सांगून आम्ही मोकळे झालो. पुढे विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या दोन मोठ्या शब्दांच्या बुडाशी आमच्यापाशी एकच गोष्ट आहे, आणि ती आमच्या चुकीची आहे. चूक सांगताना ‘आम्ही’ हे बहुवचन फार सोयीचे पडते, हेही आधीच कबूल करतो.

आपल्यापैकी पुष्कळांनी पाठाचे टाचण पाहिले नसेल. कागदावर रकाने आखलेले असतात. एका रकान्यात शिक्षकाने विचारायचा प्रश्न, आणि शेजारच्या रकान्यात मुलाचे ‘अपेक्षित उत्तर’. टाचण आदल्या रात्री लिहायचे असते; म्हणजे मूल वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचे उत्तर आम्ही लिहून झालेले असतो. अनपेक्षित उत्तरासाठी रकाना नसतो. तो असावा असे आम्हांलाही तोवर कधी वाटले नव्हते.

पाठ होता तिसरीच्या वर्गावर, विषय ‘माझे घर’. आम्ही फळ्यावर नमुन्याचे चित्र काढले. ते आपणा सर्वांना पाठ आहे: दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत जाणारी नदी, कौलारू घर आणि शेजारी एक नारळ. आमच्या गावात नारळाचे झाड नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या आमची मुले तो नारळ काढीत आली आहेत! वर्गातल्या ४० मुलांनी माना खाली घातल्या आणि डोंगर काढू लागली. एका मुलाने मात्र कागदाच्या मधोमध एक त्रिकोणी आकृती काढली, तिच्या तळाशी एक काळे भोक, आणि बाजूला दोन चाके. हा मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेला. हंगामापुरता या शाळेत बसत होता. आम्ही म्हटले, ‘अरे, घर काढायचे आहे.’ तो म्हणाला, ‘सर, ही आमची कोपी हाय.’ वर्ग हसला. ‘कोपी’ला हसला की ‘हाय’ला, देव जाणे. आम्ही हसलो नाही, एवढे पुण्य पदरी आहे. पण आम्ही फळ्याकडे बोट दाखविले. मुलाने बोटाला थुंकी लावून कोपी पुसली, कागद जरासा फाटला, आणि त्या फाटलेल्या जागेवर त्याने दोन डोंगर काढले.

निरीक्षकांनी शेरा दिला: ‘वर्गनियंत्रण चांगले.’

कोपी म्हणजे काय हे आम्हांला नंतर पाहायला मिळाले. कारखान्याच्या मागच्या माळावर अशा कोप्यांची रांगच होती. कळकाच्या कामट्या रोवायच्या, त्यांची टोके वर बांधायची, चटई किंवा पाचट आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घालायचा. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे. ते काळे भोक म्हणजे हे दार, आणि ती चाके टायरगाडीची. सबंध वर्गात डोळ्यांनी पाहिलेले घर काढणारा तोच एक होता. नवनिर्मिती म्हणतात ती आमच्यासमोर, एका मळक्या कागदावर, घडली होती. आणि आम्ही ती पुसायला लावली, कारण ती रकान्यात नव्हती.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, नवनिर्मिती शिकविण्याच्या खटाटोपात पडण्याआधी स्वीकार शिकावा, आणि तो मुलांनी नव्हे, शिक्षकाने. हे काही आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्या निबंधाचा विषय तिच्या घरातला, तिच्या वाड्यावस्तीतला होता. इतर शाळांनी जिला उंबऱ्यावरूनच परत पाठविले असते, तिला आत घेतले आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले, तेव्हा ते लिहिले गेले.

ताराबाई मोडकांनी तर शाळाच जागची हलविली. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. वारली मुले शाळेत येईनात; येणार कशी, ती गुरे राखायला जात होती. तेव्हा ‘मुले अनियमित आहेत’ असा शेरा मारून स्वस्थ न बसता बाईंनी कुरणशाळा काढली: गुरे जिथे चरतात तिथे शिक्षकानेच जायचे. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. लोक याला काटकसर म्हणतात. आम्हांला त्यात काटकसरीहून मोठी गोष्ट दिसते: मुलाच्या हाताला जे आधीच ओळखीचे आहे ते शाळेने आपले म्हटले.

आज कायदाही याच बाजूचा आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मूल भयमुक्त व्हावे आणि त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे, असे त्यात लिहिले आहे. परंतु कायदा फळ्यापर्यंत पोचविणारा हात आमचाच असणार.

येथे पालकांना एक शब्द बोलू का? राग मानू नये. अलीकडे शाळाशाळांतून ‘प्रकल्प’ आले आहेत. थर्माकोलचा ज्वालामुखी आई रात्री बारापर्यंत जागून करते, ज्यांना सवड नाही ते दुकानातून तयार आणतात, आणि सकाळी मुलाच्या नावाने तो भिंतीशी उभा राहतो. ही नवनिर्मिती नव्हे, ही सजावट झाली. उलट मुलाने स्वतः काढलेले वेडेवाकडे चित्र वहीत दिसले की आपणच शिक्षकांना विचारता, ‘हे तपासले कसे नाही?’

मग चुका सुधारायच्याच नाहीत की काय, असे कोणी विचारील. सुधारायच्या. ‘हाय’च्या जागी लिहिताना ‘आहे’ यायला हवे; ते न शिकविणे म्हणजे त्या मुलाला पुढे अर्जाच्या खिडकीपाशी एकटे सोडणे. प्रश्न क्रमाचा आहे. कोपी आधी कागदावर राहू द्यावी, तिच्याविषयी त्याला बोलू द्यावे, ‘आहे’ मागाहून यावे. मोठ्या वर्गात हे अवघड आहे. प्रत्येकाजवळ जाता जाता तास संपतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

कारण आम्ही तो पाठ पुन्हा घेतला. या खेपेस फळा कोरा ठेवला आणि सांगितले, तुम्ही रात्री जिथे झोपता ती जागा काढा. एका मुलीने चाळीची गॅलरी काढली. एकाने आजीची खाट आणि खाली ओळीने पाच माणसे काढली. जागा पुरेना म्हणून पाचव्याचे पाय कागदाच्या मागच्या बाजूला नेले. वर्गात गलबला झाला, आणि त्या दिवशीचा शेरा होता ‘वर्गनियंत्रण सुधारावे’.

आमच्या मुलाने मात्र दोन डोंगर काढले, सूर्य काढला, नारळसुद्धा काढला. आम्ही विचारले, ‘आणि कोपी?’ तो म्हणाला, ‘ती चुकली व्हती ना, सर.’

ती चुकली नव्हती, चूक आमची झाली होती, हे आम्ही त्याला साऱ्या वर्गासमोर सांगितले. त्याचा विश्वास बसला असे दिसले नाही. गळिताचा हंगाम संपला, टोळ्या परतल्या, आणि आमचे सरावपाठही त्याच सुमारास संपले. त्याचा फाटका कागद टाचणांच्या वहीत आहे. डोंगरांच्या खाली त्रिकोणाच्या रेघा अजून दिसतात.