घोषणा आणि शेजारी



घोषणा देणारा तिचा अर्थ आपल्या मनात घेऊन रस्त्यावर येतो. ऐकणारा मात्र तो अर्थ स्वतःच्या अनुभवावरून लावतो. या दोन अर्थांत अंतर पडले की मने दुखावतात. आमच्या सीमाभागात हे अंतर फार जवळून पाहावयास मिळते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. एकच दिवस एकाचा राज्योत्सव व दुसऱ्याचा काळा दिवस ठरला. 'बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा कानी पडताच मराठी माणसाला आपल्या वडीलधाऱ्यांचा लढा आठवतो. खडेबाजारातील कानडी दुकानदाराला तीच घोषणा निराळी ऐकू येते. 'झालाच'मधील 'च' आम्हांस निर्धाराचा वाटतो. आपले मत कोणी विचारलेच नाही, असे त्याला वाटते. उलटपक्षी, 'येथे राहायचे तर कन्नड बोला, नाही तर चालते व्हा' असे कोणी ओरडला, तर ज्याचे आजेपणजे याच मातीत गेले, तो मराठी माणूस आपल्याच घरी उपरा ठरतो. कन्नड शिकण्यास त्याची ना नसते. 'चालते व्हा' हे शब्द त्याला बोचतात.

मी मराठी भाषिक आणि धर्माने कॅथलिक. म्हणजे येथे दोन्ही गणतींत थोडक्यांपैकी. थोडक्यांचे कान तिखट असतात, यास कारण आहे. बहुसंख्याकांच्या घोषणेमागे कचेरी, पाटी आणि पोलीस उभे आहेत, असे त्यांना वाटत असते. म्हणून जे एकाला उत्साहाचे वाक्य वाटते, ते दुसऱ्याला ताकीद वाटते.

शिवाय, थोडके कोण हे सीमारेषा ठरविते. १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवून निपाणी व खानापूर महाराष्ट्रास, तर अक्कलकोट तालुका आणि जत व दक्षिण सोलापुरातील काही गावे म्हैसूरला द्यावीत, असे सुचविले. ते अमलात आले नाही. तेव्हा निपाणीत मराठी माणसाची जी स्थिती, तीच अक्कलकोटच्या खेड्यातील कानडी माणसाची. येथे आपल्याला जे लागते, ते तेथे त्यालाही लागत असणार.

मग मागणी करूच नये काय? अवश्य करावी. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचा ३५०-अ हा अनुच्छेद सांगतो. सीमेचा दावाही महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. मात्र मागणीचा रोख सरकारकडे व न्यायासनाकडे असावा, शेजाऱ्याच्या दाराकडे नसावा.

एका बाकावर मराठी व कानडी मुले शेजारी बसलेली असतात. त्या दोघांसमोर जी घोषणा खालच्या मानेने उच्चारावी लागेल, ती चौकातही देऊ नये.