आधी माप, मग जोड



आज आपण एका लोखंडी टेबलाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "टेबलात बोलण्यासारखं ते काय? चार पाय आणि वर एक फळी!" पण हे टेबल जेवायचे नाही आणि लिहायचेही नाही. याच्यावर धार लावायचे यंत्र बसवायचे आहे. त्याला बाजारात ग्राइंडर म्हणतात. विळा, खुरपे, कुऱ्हाड, पहार, सगळ्यांना त्याच्यावर धार लावता येते. आता पुष्कळ घरांत, पडवीत किंवा गोठ्याशेजारी, असे यंत्र आलेले दिसते. यंत्र चांगले असते. पण ते ठेवतात कशावर? कुणी मोडक्या पलंगावर, कुणी विटांच्या ढिगावर, कुणी डगमगत्या बाकावर. आणि तिथेच घात होतो.

का होतो, ते पाहू. ग्राइंडरचे लहान चाक १५ सेंटिमीटर व्यासाचे असते. ते मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. हिशेब केला तर त्या चाकाची कड ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असते. म्हणजे हमरस्त्यावरच्या मोटारीचा वेग. त्या चाकाजवळ आपली बोटे असतात, आणि समोर आपले तोंड. अशा वेळी खालचे टेबल हलले तर हातातला विळा उडी मारतो. चाकाला धक्के बसतात. धक्क्यांनी चाकाला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेले चाक फुटले तर त्याचे तुकडे माणसाला जायबंदी करतात. म्हणून यंत्राइतकीच खालच्या टेबलाची काळजी घ्यायची.

आता टेबलाचे माप ठरवू. वरची चौकट ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद धरू. पाय ८० सेंटिमीटरचे. यंत्र वर बसले की चाकाचा मध्य उभ्या माणसाच्या कोपराजवळ यावा. तुमची उंची कमीजास्त असेल तर पायाचे माप तसे बदला.

लोखंड कोणते घ्यावे? अँगल घ्यावा. अँगल म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी. तिच्या दोन्ही बाजू ४० मिलिमीटर रुंद आणि जाडी ५ मिलिमीटर, असा अँगल या कामाला पुरतो. तो किती लागेल? कागद घ्या आणि लिहा. वरच्या चौकटीला ६० चे दोन आणि ४५ चे दोन तुकडे, म्हणजे २ मीटर १० सेंटिमीटर. चार पायांना ३ मीटर २० सेंटिमीटर. पायांना खालून बांधणारी दुसरी चौकट, तिला आणखी २ मीटर १० सेंटिमीटर. यंत्राखाली दोन आडव्या पट्ट्या, त्यांना ९० सेंटिमीटर. बेरीज झाली ८ मीटर ३० सेंटिमीटर. हा अँगल मीटरला सुमारे ३ किलो भरतो. म्हणजे साधारण २५ किलो लोखंड. कापण्यात थोडे वाया जाते, ते वर धरा. वजनकाट्यासमोर उभे राहण्याआधीच हा आकडा आपल्या खिशात असला पाहिजे. मग दुकानदार ३५ किलो सांगू लागला तर आपल्याला विचारता येते, "दादा, एवढं कशाला लागतं?"

लोखंड आले, तुकडे कापले. आता जोडायचे. इथे पुष्कळ लोकांची समजूत अशी, की जोड जाड मारला म्हणजे टेबल पक्के झाले. हे खरे नाही. जोड बळकट असूनही टेबल वाकडे होते, आणि वाकडे टेबल डगमगते. असे का होते?

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, ते तुमच्यापैकी जुन्या माणसांनी पाहिले आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान असते. लोहार ती तापवून लाल करतो. तापली की ती वाढते. मग ती चाकावर बसवून वर पाणी ओततात. निवताना धाव आवळते आणि सगळे चाक घट्ट बांधले जाते. वेल्डिंगमध्येही हेच घडते, बरं का! जोडाच्या जागी लोखंड वितळते, मग निवते, आणि निवताना आवळते. आवळताना ते कोपरा आपल्याकडे ओढते. धाव आवळली तर आपला फायदा होतो. इथे मात्र चौकट वाकडी होते.

ही ओढ केवढी असते? डोळ्याला दिसतही नाही. पण त्रैराशिक मांडून पाहा. पायाचा वरचा जोड ४ सेंटिमीटर रुंद आहे. तिथे फक्त १ मिलिमीटर ओढ बसली, तर ८० सेंटिमीटर खाली पायाचा तळ २ सेंटिमीटर सरकतो. वर राईएवढी चूक झाली, तर खाली एका बोटाची होते.

यावर उपाय आहे. शिंपी आधी कच्चे टाके घालतो, अंगावर लावून पाहतो, मग पक्की शिवण घालतो. वेल्डिंगमध्येही तसेच करायचे. प्रत्येक कोपऱ्यावर आधी एकच छोटा टाका मारायचा, बोटाच्या पेराहून लहान. असे चार टाके झाले की थांबायचे. काच बाजूला ठेवायची आणि टेप हातात घ्यायची.

आता कर्ण मोजायचे. कर्ण म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. पाया आखताना गवंडी तीन, चार, पाचचा मेळ लावतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात, आणि तिरके बरोबर पाच हात भरले की कोपरा काटकोनात आला. आपल्या चौकटीच्या बाजू ४५ आणि ६० आहेत. तीन पंधरे पंचेचाळीस, चार पंधरे साठ, पाच पंधरे पंचाहत्तर. म्हणजे बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत दोन्ही कर्ण ७५ सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी भरला, तर ज्या कोपऱ्यांत माप जास्त आहे तिथे हातोडीने हलका ठोका द्या. एकच टाका असल्यामुळे चौकट सरकते. पक्का जोड मारल्यावर ती सरकत नाही. मग कापूनच काढावे लागते.

कर्ण जुळले, तरी चौकटीत पीळ असू शकतो. तो पाहायला दोन दोऱ्या घ्या. दोन्ही कर्णांवर त्या ताणून धरा. मधोमध वरची दोरी खालच्या दोरीला जेमतेम टेकली तर चौकट सपाट आहे. मधे फट राहिली, किंवा एक दोरी दुसरीला दाबू लागली, तर पीळ आहे. तो आताच काढा.

मग पक्के जोड. तेही एका बाजूने सरळ मारत जायचे नाहीत. पहिल्या कोपऱ्यानंतर त्याच्या समोरचा तिरका कोपरा घ्यायचा. नंतर उरलेले दोन. थोडे जोडायचे, निवू द्यायचे, पुन्हा मोजायचे. घाई करून जोडावर पाणी ओतू नये. हवेतच निवू द्यावे.

आता पाय. चौकट पालथी करून सपाट जागी ठेवा. प्रत्येक पाय आतल्या कोपऱ्यात उभा करा. म्हणजे यंत्राचा भार नुसत्या जोडावर येत नाही, चौकटीतून थेट पायावर उतरतो. गुण्या दोन्ही बाजूंनी लावून एक टाका मारा. चारही पाय असे उभे झाले की खालच्या चौकटीच्या पट्ट्यांचे माप घ्या. ते माप पायांच्या तळाशी घेऊ नका. तळाशी पाय आधीच फाकलेले असतील, तर तेच फाकलेले माप कायम होईल. माप वरच्या चौकटीजवळ घ्या आणि तेवढ्याच पट्ट्या तळापासून एक वीत अंतरावर लावा. ही खालची चौकट नसेल तर टेबल झुलते. मग पायांचे पक्के जोड, तसेच तिरक्या क्रमाने.

यंत्राच्या बैठकीला बोल्टची भोके असतात. दोन आडव्या पट्ट्या त्या भोकांच्या अंतरावर बसवा आणि यंत्र बोल्टने आवळा. पायांना लोखंडी टिकल्या जोडून टेबलही जमिनीत पक्के करा. यंत्राला आणि टेबलाला अर्थिंगची तार हवी. लोखंडी टेबलात वीज उतरली तर हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

आता डोळ्यांविषयी बोलू. वेल्डिंगचा उजेड नुसता झगझगीत असतो असे नाही. त्यात न दिसणारे किरण असतात. ते डोळ्याचा वरचा पडदा भाजतात. भाजताना कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते. पाणी वाहते, उजेड सोसत नाही. म्हणून १० किंवा ११ नंबरची वेल्डिंगची काच तोंडासमोर धरल्यावाचून ठिणगी पाडू नये. उन्हाळी चष्मा चालत नाही. जवळ उभे राहून पाहणाऱ्यांचे डोळेही तसेच भाजतात. मुलांना तर लांबच पाठवावे. कुणी म्हणेल, "काकी, डोळ्यांत दूध घाला," कुणी म्हणेल, "मध घाला." डोळ्यांत काही घालू नका, डोळे चोळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा.

वेल्डिंगच्या रॉडवर एक लेप असतो. स्वीडन देशातल्या ऑस्कर शेलबर्ग नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा लेप दिलेला रॉड काढला. तो लेप जळून धूर होतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. उरलेल्या लेपाची जोडावर खपली धरते. ती हातोडीने काढावी लागते. तेव्हा वेल्डिंगची काच उचललेली असते, आणि गरम खपली थेट डोळ्यांत उडते. म्हणून त्या वेळी साधा पांढरा चष्मा लावावा. रॉड कोरडे ठेवावेत. रॉडला ओल लागली की जोडात भोके राहतात. कोणत्या जाडीच्या रॉडला किती करंट लावायचा, ते रॉडच्या डब्यावर छापलेले असते. तुम्ही आता वाचू शकता. तो डबा वाचा.

आणखी चार गोष्टी पाळा. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. नायलॉन वितळून अंगाला चिकटते. हातात कातडी मोजे आणि पायांत बूट असावेत. ओल्या जमिनीवर काम करू नका. कडबा, गवत, पेट्रोल यांच्या जवळ ठिणगी पाडू नका. बादलीभर वाळू जवळ ठेवा. जस्त चढवलेल्या पाइपावर वेल्डिंग केले तर विषारी धूर निघतो आणि तापही भरतो. म्हणून आधी जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा. आणि टेकू म्हणून डिझेलचा रिकामा पिंप कधीही घेऊ नका. रिकाम्या पिंपात वाफ राहते. ठिणगी पडली तर तो स्फोट होऊन फुटतो.

एका बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारले होते, "हे सगळं वेल्डिंगवाल्यानं करायचं. आम्ही शिकून काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. बहुतेकांनी टेबल बाजारच्या गावी वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्यावे. हाताला सवय नसताना हे काम करू नये. ज्याला शिकायचेच आहे, त्याच्यासाठी आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण काम दुसऱ्याने केले, तरी पैसे आपले जातात आणि त्या यंत्रासमोर आपले घरचे माणूस उभे राहते. म्हणून काम करून घेणाऱ्यालाही माप कळले पाहिजे.

वेल्डिंगवाल्याकडे जाताना एक कागद न्या. त्यावर आपल्या हाताने लिहा:

वरची चौकट ६० बाय ४५. कर्ण ७५.
पाय ८० चे, चार.
तळापासून एक वीत वर दुसरी चौकट.
यंत्राच्या भोकांचे अंतर. हे घरी मोजून लिहावे.

आणि त्यांना सांगा, "दादा, टाके मारले की मला हाक मारा. मी कर्ण मोजतो, मग पक्कं करा." चांगला कारागीर याचा राग धरत नाही. उलट, गिऱ्हाईक जाणते आहे हे पाहून तोही जपून काम करतो.

टेबल घरी आले की सपाट जमिनीवर ठेवा. चारही कोपरे एकेक करून दाबून पाहा. कुठला पाय उचलला जातो का, ते बघा. मग यंत्र बसवा. चाक चढवण्यापूर्वी ते बोटावर अडकवून लाकडाने हलके वाजवा. बाजारात मडके घेताना आपण वाजवून पाहतो, तसेच. टणक, स्वच्छ आवाज आला तर चाक धड आहे. बद्द आवाज आला तर ते चाक लावू नका. यंत्र सुरू करताना चाकाच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. चष्मा लावा. पहिले मिनिटभर त्याला रिकामे फिरू द्या.

त्या मिनिटात एक पाण्याचा पेला टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून बघा. पाणी फार थरथरले तर यंत्र बंद करा आणि बोल्ट व पाय पुन्हा तपासा. पाणी शांत राहिले, तर विळ्याला धार लावायला हरकत नाही.