आधी सायकल, मग डर्ट बाइक



आणे घाट चढून वर आलं, की मुरमाड माळ लागतो.
इथली पोरं याच माळावर सायकल हाणत मोठी होतात.

2024 च्या जानेवारीत पुण्यात, बालेवाडीला, सुपरक्रॉसची शर्यत झाली.
मातीच्या ढिगांवरून मोटारसायकली उडाल्या.
असलं काही मोबाइलवर पाहिलं, की पोरगं हट्ट धरतं.
मलाही डर्ट बाइक पाहिजे!

द्या की. पण आधी सायकल.
उतारावर तोल आणि ब्रेक, दोन्ही सायकलच शिकवते.

मग गाडी.
शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो.
गाडी तशी घेऊ नका.
सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत.
लहान मुलांच्या काही गाड्यांत मुठीपाशी एक स्क्रू असतो.
तो पिळला, की मूठ पूर्ण फिरत नाही.
वेग आपोआप आवरतो.

हेल्मेट मापाचंच हवं.
मान हलवली, तरी ते डोक्यावर फिरता कामा नये.
पायात चप्पल नको. घोटा झाकणारे बूट हवेत.

आणि रस्ता?
अजिबात नको.
कल्याण–नगर हायवे इथून हाकेच्या अंतरावर आहे.
अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवली, तर कायदा पालकालाच धरतो.
पंचवीस हजार दंड. वर कैदही होऊ शकते.
म्हणून गाडी टेम्पोत घाला, आणि बाजरी निघालेल्या आपल्याच रानात न्या.

पहिल्या दिवशी निघायचं, दहा पावलं जायचं, ब्रेक दाबून थांबायचं.
पुन्हा तेच.
पोरगं कुरकुरेल, एवढंच?
हो बाळा, आज एवढंच.